कॅमेऱ्यापुढील अभिनय : विद्यार्थ्यांकरितां कांहीं पाठ

शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाटकाचा प्रयोग ठरला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्साहास सीमा राहत नाहीं. पूर्वीं प्रयोग संपला कीं तो प्रेक्षकांच्या आठवणींत तेवढा उरे. आतां तसें राहिलेलें नाहीं. जवळजवळ प्रत्येक पालकाच्या हातांत कॅमेरा असलेला मोबाइल असतो, आणि दुसऱ्या दिवशीं तोच प्रयोग घरोघर पडद्यावर पाहिला जातो. अशा वेळीं एक चमत्कारिक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येते. ज्या मुलाच्या भाषणास सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला, तोच मुलगा पडद्यावर नुसता ओरडत आहे असें वाटतें. आणि जी मुलगी कोपऱ्यांत उभी राहून इतरांचें बोलणें ऐकत होती, तिच्याच चेहऱ्यावर नजर खिळून राहते. यांत टाळ्या वाजविणाऱ्यांची चूक नाहीं व कॅमेऱ्याचीही नाहीं. रंगभूमी व कॅमेरा हीं दोन निरनिराळीं माध्यमें आहेत, आणि त्यांचे नियमही निरनिराळे आहेत. ते नियम कोणते, आपल्या लोकांनीं ते कसकसे शोधून काढले, आणि शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींनीं त्यांचा अभ्यास कसा करावा, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

अंतराचा भेद

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक म्हणजे शरीराच्या हालचालींचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेषभूषेचा, आणि सात्त्विक म्हणजे मनांतील भावाचा. हे चारही प्रकार रंगभूमीस लागतात, तसेच ते कॅमेऱ्यासही लागतात. फरक पडतो तो त्यांच्या प्रमाणांत, आणि तें प्रमाण ठरतें प्रेक्षकाच्या अंतरावरून.

आपल्या विदर्भांतील झाडीपट्टीचें नाटक ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें सहज पटेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईच्या निमित्तानें हीं नाटकें होतात. रात्रीं उशिरा पडदा वर जातो व प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. थंडीच्या दिवसांत अंगावर पांघरूण घेऊन गांवोगांवचीं माणसें बसलेलीं असतात. नटास आपला राग व आपलें दुःख शेवटच्या रांगेंतील आजीबाईपर्यंत पोंचवावयाचें असतें. तेथें हात खांद्याच्या वर गेला पाहिजे, आवाज छातींतून निघाला पाहिजे, आणि रडणें दुरूनही ओळखूं आलें पाहिजे. तेथील नट असें करतो तें योग्यच करतो.

कॅमेऱ्याचें भिंग मात्र नटाच्या तोंडापासून दोन हातांवर येऊन बसतें. पुढें तोच चेहरा चित्रपटगृहांत भिंतीएवढा होतो, किंवा मोबाइलवर प्रेक्षकाच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर येतो. इतक्या जवळून पाहतांना भुंवई तिळभर हलली तरी ती हात उचलल्याइतकी मोठी दिसते. म्हणून आंगिक व वाचिक अभिनय येथें आंखडता घ्यावा लागतो, आणि सात्त्विक अभिनयावर सर्व भार पडतो. मनांत भाव नसतां चेहऱ्यावर आणलेला भाव दूरच्या प्रेक्षकास खरा वाटूं शकतो. भिंगास तो खरा वाटत नाहीं.

पूर्वसूरींचा धडा

हा धडा आपल्या महाराष्ट्रानें फार लवकर गिरविला. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. त्या काळीं स्त्रिया चित्रपटांत काम करण्यास तयार नसत. म्हणून उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणास फाळक्यांनीं तारामतीची भूमिका दिली. याच साळुंक्यांनीं पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ झाला त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांच्या कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि स्त्रियांस हें क्षेत्र मोकळें होऊं लागलें.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें फाळक्यांचें सर्वांत मोलाचें उदाहरण १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचें होय. त्यांत बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केली. तिचें वय त्या वेळीं सुमारें सात वर्षांचें होतें. कथेस आरंभ होण्यापूर्वीं या मुलीचा नुसता चेहरा पडद्यावर येतो, आणि ती एकामागून एक निरनिराळे भाव दाखविते. त्यानंतर ती कृष्णाचें रूप घेते. आपण पाहतों आहों तो देव नसून एक मुलगी आहे, व ती अभिनय करीत आहे, हें फाळक्यांनीं प्रेक्षकांस आधीं उघड दाखवून दिलें. अभिनय ही दैवी देणगी तेवढी नसून अभ्यासानें येणारी विद्या आहे, असें सांगणारा हा आपल्याकडील फार जुना चित्रपाठच म्हणावयास हरकत नाहीं. आमच्या प्राथमिक वर्गांतील मुलांच्या वयाच्या मुलीनें तो दिलेला आहे, हें विशेष.

१९३२ सालीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नटास वाणी मिळाली. वाणीबरोबर एक धोकाही आला. रंगभूमीवरील खडी भाषणें जशींच्या तशीं पडद्यावर येऊं लागलीं. या धोक्यांतून वाट कशी काढावी हें प्रभातच्याच ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटानें दाखविलें. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवरचे नट. तेथें त्यांनीं स्त्रीभूमिका केलेल्या. तरीही या चित्रपटांत त्यांचा आवाज चढत नाहीं, हात विनाकारण उठत नाहीं. त्यांच्यासमोर गौरी यांनीं उभी केलेली जिजाई घरांतील भाकरीच्या काळजीनें त्रासलेली, तोंडानें फटकळ व मनानें मायाळू अशी आहे. एकाची शांति व दुसरीची तडफड यांचा मेळ बसल्यामुळें दोन्ही माणसें खरीं वाटतात. १९३७ सालच्या व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला. तेथील परीक्षकांस मराठी येत असेल असें नाहीं. पण चेहऱ्याची भाषा त्यांस कळली.

एकच कथा दोन माध्यमांत कशी निराळी होते हें पाहावयाचें असेल, तर नागपूरचेच एक नांव पुढें येतें. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनीं येथें रंजन कला मंदिर ही संस्था काढून मुलांच्या नाटकांसाठीं मोठें काम केलें. त्यांचें ‘कट्यार काळजांत घुसली’ हें संगीत नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्यांत खांसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं गाजविली. वसंतरावांचेंही बालपण व संगीताचें शिक्षण नागपुराशीं जोडलेलें होतें. याच नाटकावर २०१५ सालीं सुबोध भावे यांनीं चित्रपट केला व खांसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकर यांनीं केली. रंगभूमीवर खांसाहेबांचा मत्सर गळ्यांतून व चालण्याबोलण्यांतून सभागृहभर पसरवावा लागतो. चित्रपटांत तोच मत्सर दाखविण्यास डोळ्यांचें एक समीपचित्र, ज्यास क्लोजअप म्हणतात, तेवढें पुरतें.

नागपूरचीं दोन उदाहरणें

अलीकडच्या काळांतील दोन चित्रपट आमच्या शहरास फार जवळचे आहेत. पहिला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ सालीं तयार झालेल्या या चित्रपटास व्हेनिस येथें पारितोषिकें मिळालीं, व पुढें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यांत नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे. ते व्यवसायानें नट नव्हते; चळवळींत वावरणारे कार्यकर्ते व कवि होते. सभेपुढें उभें राहून गाणें व बोलणें त्यांस ठाऊक होतें, आणि शाहिरी गातांना ती ताकद चित्रपटांत दिसते. परंतु त्यांच्या भूमिकेचा मोठा भाग न्यायालयांत निमूटपणें ऐकण्याचा व थोडक्यांत उत्तर देण्याचा आहे. तेथें ते कांहीं ‘करून दाखवीत’ नाहींत. थकलेला पण न वांकलेला एक माणूस आपल्यासमोर आहे, एवढेंच प्रेक्षकास जाणवतें. २०२१ च्या एप्रिलमध्यें कोरोनाच्या सांथींत साथीदार यांचें नागपुरांत निधन झालें. त्यांची ही भूमिका मात्र विद्यार्थ्यांनीं पुनःपुन्हां पाहावी अशी आहे.

दुसरा चित्रपट नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. तो २०२२ च्या मार्च महिन्यांत प्रदर्शित झाला. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८८३ सालीं स्थापन केलेल्या आमच्या शहरांतील हिस्लॉप महाविद्यालयांत क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांनीं वस्तींतील मुलांस फुटबॉलकडे वळविलें, त्या कार्यावर हा चित्रपट आधारलेला आहे. बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनीं केली. पण त्यांच्याभोंवतीं जीं मुलें आहेत त्यांतील पुष्कळ नागपूरचींच व पूर्वीं कधीं अभिनय न केलेलीं होतीं. त्यांपैकीं अंकुश गेडाम यांना २०२३ सालीं पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

या उदाहरणांवरून, अभिनय न शिकणें हाच अभिनयाचा उत्तम मार्ग, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. हीं मुलें यशस्वी झालीं याचीं कारणें दोन. रंगभूमीची संवय त्यांच्या अंगीं नव्हती, त्यामुळें ती मोडण्याचा त्रास पडला नाहीं. आणि ज्या जीवनाचें चित्र काढावयाचें होतें तें त्यांच्या रोजच्या परिचयाचें होतें. भाषा, चालणें, हंसणें, मित्रास हांक मारणें, हें सर्व त्यांच्याजवळ आधींच होतें. तुम्हांस मात्र उद्यां अपरिचित माणसाची भूमिका मिळेल, आणि तेथें निरीक्षण व अभ्यास यांवांचून गत्यंतर नाहीं.

अभ्यासाचे पाठ

पुढील पाठ घरीं किंवा वर्गांत, एका साध्या मोबाइलवर करतां येतील. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर पक्का ठेवावा. खिडकी पाठीमागें न ठेवतां तिचा उजेड चेहऱ्यावर येईल असें उभें राहावें. अन्यथा चेहरा काळवंडून जातो व सर्व श्रम फुकट जातात.

पाठ पहिला : ऐकणें. दोघांनीं समोरासमोर बसावें. एकानें आपल्या घरांतील खरी गोष्ट दोन मिनिटें सांगावी, आणि चित्र फक्त ऐकणाऱ्याचें घ्यावें. नंतर तें आवाज बंद करून पाहावें. जेथें ऐकणारा खरोखर ऐकत होता तेथें चेहरा आपोआप बदललेला दिसेल. जेथें तो ऐकण्याचें सोंग करीत होता तेथें मान उगीच डोलत असलेली दिसेल. कॅमेऱ्यापुढील अभिनयाचा निम्मा भाग या एका पाठांत आहे, असें आम्हांस वाटतें.

पाठ दुसरा : नजर. गोष्टींतील माणूस भिंगाकडे पाहत नाहीं. तो दुसऱ्या माणसाकडे पाहतो. म्हणून सहकाऱ्यास कॅमेऱ्याच्या अगदीं शेजारीं उभें करावें व त्याच्याशीं बोलावें. समीपचित्रांत त्याच्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीनें पाहिल्यास तुमचीं बुबुळें पडद्यावर चाळवतात. यास्तव कॅमेऱ्याकडील एकच डोळा निवडून त्यावर दृष्टि स्थिर ठेवावी.

पाठ तिसरा : आवाज. ध्वनि टिपणारा माईक जवळ असतो. समोरचा माणूस दोन हातांवर असेल तर दोन हातांपुरतेंच बोलावें. मात्र हळू बोलणें म्हणजे पुटपुटणें नव्हे. शब्दाचें शेवटचें अक्षर गिळण्याची खोड आपल्यापैकीं पुष्कळांस असते. ती जाण्यासाठीं रोज एक उतारा प्रथम मोठ्यानें व नंतर कुजबुजून, पण प्रत्येक अक्षर स्पष्ट येईल असा वाचावा.

पाठ चौथा : तुकडे जोडणें. नाटक आरंभापासून शेवटापर्यंत सलग चालतें. चित्रपट तुकड्यातुकड्यांनीं व बहुधा उलटसुलट क्रमानें घेतला जातो. समजा, परीक्षेंत नापास झालेला मुलगा सीताबर्डीच्या गर्दींतून भटकत महालांतील आपल्या घरीं येतो व दारांत आईस पाहून थबकतो, असा प्रसंग आहे. दारांतील भाग सोमवारीं घेतला जाईल, आणि बर्डीवरचा भाग कदाचित् आठ दिवसांनीं. तेव्हां दारांत उभें राहतांना मुलानें उन्हांतून किती चाल केली, वाटेंत काय ठरविलें, हें नटास त्याच क्षणीं ठाऊक हवें. यासाठीं प्रत्येक भूमिकेची एक वही करावी, आणि प्रत्येक प्रसंगापुढें ‘याच्या आधीं काय घडलें’ हें एका वाक्यांत लिहून ठेवावें.

पाठ पांचवा : तेंच पुन्हां. एकच प्रसंग दूरून, जवळून, निरनिराळ्या बाजूंनीं अनेक वेळां घेतात. चहाचा घोट ज्या शब्दावर घेतला त्याच शब्दावर तो प्रत्येक वेळीं घेतला पाहिजे. नाहींतर तुकडे जुळत नाहींत. जमिनीवर खूण केलेली असते, तेथेंच येऊन थांबलें पाहिजे. नाहींतर चेहरा अस्पष्ट होतो. देह असा घड्याळासारखा चालावा, आणि मन मात्र प्रत्येक वेळीं तीच गोष्ट पहिल्यानेंच ऐकत असावें. हें अवघड आहे खरें. याची तयारी म्हणून एखादें घरकाम, जसें भाजी निवडणें किंवा पुस्तकास कव्हर घालणें, करतां करतां एकच संवाद दहा वेळां म्हणावा.

पाठ सहावा : कांहीं न करणें. १९२० च्या सुमारास रशियांत लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकानें एक प्रयोग केला असें सांगतात. एका नटाचा तोच भावहीन चेहरा त्यानें एकदां सुपाच्या बशीच्या चित्रास जोडला, एकदां शवपेटीच्या चित्रास. प्रेक्षकांस पहिल्या वेळीं त्या चेहऱ्यावर भूक दिसली व दुसऱ्या वेळीं शोक. अर्थ पुष्कळदां दोन चित्रांच्या जोडणींतून निर्माण होतो, व प्रेक्षक स्वतः तो पूर्ण करतो. म्हणून सर्व कांहीं चेहऱ्यानें सांगून टाकण्याची घाई नटानें करूं नये. एक मिनिटभर खुर्चीवर बसून, मनांत एखादें पत्र वाचीत, कोणताही आविर्भाव न करतां आपलें चित्र घ्यावें. पुष्कळ विद्यार्थ्यांस हा पाठ सर्वांत कठीण वाटेल.

पालकांस दोन शब्द

मुलामुलीच्या अंगीं हा गुण दिसला कीं पालकांच्या मनांत हर्ष व भीति एकदम उत्पन्न होतात. दोन्ही स्वाभाविक आहेत. म्हणून कायदा काय म्हणतो हें माहीत असावें. बालकामगारांविषयींच्या कायद्यांत २०१६ सालीं सुधारणा होऊन, १४ वर्षांखालील मुलांस चित्रपट व दूरचित्रवाणी यांत कलावंत म्हणून काम करण्यास मुभा आहे. परंतु त्यामुळें शाळेच्या शिक्षणास बाध येतां कामा नये. २०१७ च्या नियमांप्रमाणें मुलाकडून दिवसाला ५ तासांहून अधिक व विश्रांतीवांचून सलग ३ तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं. सलग २७ दिवसांपलीकडे काम घेतां येत नाहीं. त्याच्या मिळकतींपैकीं निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेंत त्याच्याच नांवें मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. आणि निर्मात्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करवितां येत नाहीं, हा नियम निर्मात्यापुरताच नाहीं; आईबापांनींही तो मनावर कोरून ठेवावा.

ऑडिशनच्या नांवाखालीं आधीं पैसे मागणाऱ्या माणसापासून दूर राहावें. काम देणारा कलावंतास पैसे देतो; त्याच्याकडून घेत नाहीं. मुलास एकट्यानें अनोळखी ठिकाणीं पाठवूं नये, आणि अनोळखी माणसास त्याचीं चित्रें मोबाइलवरून धाडूं नयेत.

ज्यांस पुढें याच विद्येंत जन्म घालवावयाचा आहे त्यांच्यासाठीं चांगल्या संस्था आहेत. पुण्यास प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेंत १९६० सालीं स्थापन झालेली चित्रपट संस्था, आणि दिल्लीचें १९५९ सालीं सुरू झालेलें राष्ट्रीय नाट्य विद्यालय, या त्यांतील प्रमुख. दोन्ही ठिकाणीं अभिनयाच्या मुख्य शिक्षणक्रमास पदवीधरच घेतात. तेव्हां शाळा सोडून नट होण्याची घाई करणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें, कीं चांगल्या नटास भाषा, इतिहास व माणसें यांचें ज्ञान लागतें, व तें येथेंच, या बांकावर बसून मिळावयाचें आहे.

शेवटीं एकच सांगावयाचें. वरील पाठ करणारे सर्वच विद्यार्थी नट होणार नाहींत, व तसें व्हावें अशी आमची अपेक्षाही नाहीं. परंतु जो विद्यार्थी दुसऱ्याचें बोलणें मनापासून ऐकावयास शिकेल, नापास झालेल्या मुलाच्या किंवा थकून घरीं आलेल्या बापाच्या जागीं क्षणभर स्वतःस ठेवून पाहील, आणि जें मनांत नाहीं तें चेहऱ्यावर आणण्याचें टाळील, त्याचे श्रम वायां गेले असें कोणी म्हणणार नाहीं. येत्या संमेलनाच्या तालमी सुरू होण्यापूर्वीं पहिला पाठ तरी प्रत्येकानें करून पाहावा, अशी आमची विनंति आहे.